तीन कोटेशनं

मे महिन्यातली दुपार, सीताबर्डी.
कूलरच्या ताट्या नुकत्याच ओल्या केलेल्या.
दारात नंदेश्वर काका,
तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा.

"वर जायचं किती लागते, म्याडम?"

एकोणीस वर्षं मी तिकिटं विकते.
चारधामवाले, काश्मीरवाले,
दुबईला ठेचा नेणारे,
बँकॉकला जाऊन घरी सिंगापूर सांगणारे,
सगळे याच खुर्चीत बसून गेले.
वरचं तिकीट मात्र
आमच्याकडे कुणी मागत नाही,
ते ज्याचं त्याला घरपोच येतं.

माझा चेहरा पाहून ते हसले.
"ते नव्हे जी. रिटर्नवालं."

टेबलावर पेपरचं कात्रण ठेवलं:
निळ्या कपड्यातला कुणी धनिक,
काचेला नाक लावलेला,
केस असे उभे, जसा आत्ताच झोपेतून उठलाय.

मी शोधलं. कंपन्या आहेत.
शंभर किलोमीटर वर,
अकरा मिनिटं,
त्यातली तीन बिनवजनाची,
बाकीची चढण्यात आणि पडण्यात.
दर रुपयांत काढला,
मग शून्यं पुन्हा मोजली.

"शंभर किलोमीटर म्हणजे
अमरावतीच्याही अलीकडे," ते म्हणाले.

खरंच की. लाल डब्यानं निघालं
तर वर्धा सोडून, पुलगाव यायच्या आधी
कुठेतरी डुलकी लागते,
तेवढ्यावरच सुरू होतं म्हणे अवकाश.

"तिकीट नाही मागून राहिलो मी.
कोटेशन द्या.
लेटरहेडवर. शिक्क्यासकट."

बत्तीस वर्षं ते कोराडीच्या वीजघरात, भांडारात होते.
बेअरिंग घ्या, झाडू घ्या,
तीन कोटेशनं, कमी दराचं पास.
चिमणीच्या टोकावर, विमानांना दिसावा म्हणून
जो लाल दिवा जळतो,
त्याचा बल्ब दर वेळी यांनीच मागवलेला.
स्वतः कधी वर गेले नाहीत.
भांडाराचं काम खाली असतं.

मी टाइप करायला घेतलं.
कुठून: नागपूर.
कुठे:
इथे अडले. या रकान्यात नेहमी गाव असतं.
शेवटी 'वर' लिहिलं.
प्रवासी एक. जेवण नाही. खिडकी आहे.
परत: होय.
जीएसटी अंदाजानं लावला.
'दर बदलू शकतात' हे खाली आपोआप येतंच.

त्यांनी दोनदा वाचलं,
'नंदेश्वर'चा 'श्व' दुरुस्त करून घेतला,
चौघडी करून कांद्याशेजारी ठेवली.
"आता दोन राहिले.
एक धंतोलीत घेतो, एक सदरमध्ये."

संध्याकाळी शटर ओढून झिरो माइलवरून निघाले.
रोजचाच रस्ता, आज गाडी थांबवली.
दगडावर जबलपूर आहे, शिवनी, छिंदवाडा, चांदा,
सगळ्यांचे मैल कोरलेले.
वरच्या दिशेला आकडा नाही,
फक्त एक कावळा, चोच उघडी टाकून धापणारा.

रात्री गच्चीवर पाणी मारलं, तरी फरशी तापलेलीच.
अंबाझरीकडून कामठीकडे
एक ठिपका सरळ निघून गेला,
न लुकलुकता.
आत कुणी असेल तर त्याला कोटेशन कुणी दिलं असेल?
उत्तरेला कोराडीचा दिवा
लागत होता, विझत होता.

गुरुवारी काका परत आले.
धंतोलीवाला नुसता हसला, लेखी काही दिलं नाही.
सदरवाल्यानं कमिशन जोडून दिलं.
तिसरं कामठी रोडच्या एका पोरानं, हिशेबात एक शून्य जास्त.

"तुमचाच रेट कमी आहे, म्याडम.
नियमानं तुम्हीच पास."

"मग बुकिंग कधी करायचं?"

"फंड आला की."

दुपट्टा बांधता बांधता दारात थांबले,
वर पाहिलं. पांढरंफटक आकाश,
एक घार सोडली तर रिकामं.

"तवरोक गर्दी होऊन जाईन जी तिकडे," म्हणाले,
आणि कांदा चाचपत
पायऱ्या उतरले.